टाकी भरू दे

४ फेब्रुवारी

धाकटीला आशीर्वाद.

भावजींचा फोन आला होता. मला अर्धंच ऐकू आलं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात जन्म काढल्यावर कानात दुसरं काय उरणार, तिथली घरघर अजून चालूच आहे. ते तिकडून ओरडत होते, मी इकडून ओरडत होते, शेवटी खालच्या मजल्यावरची बाई भांडण समजून वर आली. तिच्या हातात फोन दिला तेव्हा कुठे कळलं, की तुझ्या रक्तातल्या कसल्याशा पेशी कमी झाल्यात, हिरड्यांतून रक्त येतंय, आणि डॉक्टरांनी ती कॅन्सरची गोळी बंद केलीय.

बंद केलीय म्हणजे काय? तुला हा रक्ताचा आजार निघाला तेव्हा तूच मला लिहिलं होतंस, की जाऊबाई, घाबरू नका, सलाईन नाही, केस जायचे नाहीत, रोज एक गोळी घ्यायची, फक्त जन्मभर घ्यायची. मग ती मध्येच बंद कशी होते? आणि तू दुकानात काच कापतेस की सोडलीस? खरं लिही. गोड बोलून वेळ मारून न्यायची तुझी कला मला पाठ आहे. फोनवर मला कळत नाही आणि मोबाइलवर लिहायला गेलं की माझं एक बोट चार अक्षरं दाबतं. तेव्हा पत्रच लिही, आणि सविस्तर लिही.

भावजींना म्हणावं फोनवर रडू नका. मला ऐकू येत नसलं तरी कळतं.

थोरली

१३ फेब्रुवारी

जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपाशी आवाज एकदम खाली गेला आणि पाणी प्यायला उठले.

सविस्तर लिहायची आज्ञा आहे, तर ऐका. ही गोळी नेम धरून मारणारी आहे. बिघडलेल्या पेशी नेमक्या हुडकते आणि बाकीच्यांना सोडून देते, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आता सांगतात, नेम चांगला आहे, पण अगदी तितकाही नाही. रक्त थांबवणाऱ्या पेशी असतात, त्यांना प्लेटलेट म्हणतात. निरोगी माणसात त्या दीड लाखाच्या वर असतात. माझ्या बावीस हजारांवर आल्यात, आणि त्या आजाराने नाही, गोळीने उतरल्यात. म्हणून गोळी बंद. पन्नास हजारांच्या वर चढल्या की परत चालू, कमी ताकदीची. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, गोळी बंद असताना आजार काय करतो? म्हणाल्या, थोडे दिवस गप्प बसतो. थोडे म्हणजे किती, ते काही सांगितलं नाही.

काचेचं म्हणाल तर मी काचेच्या टेबलापासून हद्दपार आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या दुकानात फ्रेमच्या पट्ट्या हे कापतात आणि काच मी. यांच्या हातून काच सरळ तुटत नाही. या आठवड्यात तीन मोठ्या काचा फोडल्या आणि मला सांगतात, माल खराब आला. मी काउंटरवर बसते आणि गिऱ्हाइकाला विचारते, पट्टी सोनेरी हवी की काळी. कटर, बारीक खिळ्यांचा डबा, सगळं कपाटात कुलपात. घरी भाजी चिरायची नाही, दात बोटाने घासायचे, नाक जोरात शिंकरायचं नाही. दाराची कडी दंडाला जरा लागली तर तळहाताएवढा जांभळा डाग उठला. यांनी हात धरला की पाचही बोटं उमटतात, त्यामुळे हात धरणंही बंद. इतक्या वर्षांनी कुठे धरायला लागले होते!

तुमची काळजी घ्या. माझी घ्यायला इथे फौज आहे, एका माणसाची.

तुमची धाकटी

२१ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र वाचलं, चांगलं पातळ नेसले आणि रक्तपेढीत गेले. म्हटलं, हिला प्लेटलेट कमी आहेत ना, आपल्या देऊ. घरातलंच माणूस, बाहेर कशाला बघायचं.

तिथली मुलगी गोड होती. वय विचारलं आणि तिचं तोंड पडलं. मग औषधं विचारली. मी छातीची ती रक्त पातळ ठेवणारी गोळी सांगितली. ती वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून मला दाखवायची, कारण माझ्यापुढे ओरडून तिचा घसा बसला होता. तिने लिहिलं, 'आजी, ही गोळी घेणाऱ्यांच्या प्लेटलेट चालत नाहीत.' मी म्हटलं, चार दिवस गोळी बंद ठेवते. तिने लिहिलं, 'वयही बसत नाही.' मी म्हटलं, मग चार दिवस वयही बंद ठेवते. ती हसली, मीही हसले, आणि बाहेर येऊन पायरीवर बसून राहिले.

इतकी निकामी मी कधीच नव्हते गं. आमच्या भागाचं पाणी गेलं की लोक माझ्या नावाने शंख करायचे, मी जायचे, पंप बघायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे, अर्ध्या तासात नळ वाहायचे. इथे माझ्या हाताला फिरवायला काहीच नाही. तुझा आकडा खाली चाललाय आणि मी पायरीवर.

आता ऐक. उंबऱ्याला ठेच लागेल, घरात चप्पल घाल. झोपताना उशीजवळ मऊ फडकं ठेव. डोकं दुखलं तर मनाने गोळी घेऊ नकोस, विचारून घे. उंटावरून शेळ्या हाकते म्हणशील, म्हण. आणि दर वेळचा आकडा मला कळव. खरा.

थोरली

९ मार्च

जाऊबाई,

खरा आकडा मागितलात. नऊ हजार.

दुकानात होते. एक म्हातारे गृहस्थ बायकोचा फोटो मढवायला घेऊन आले होते. मोठा करून आणलेला, कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का असलेला. मी माउंटचे, म्हणजे फोटोभोवती बसवायच्या पुठ्ठ्याचे, रंग एकेक करून फोटोच्या कडेला लावून दाखवत होते. त्यांना राखाडी आवडला, मला मोतिया बरा वाटत होता, त्यावरून आमची छान घासाघीस चालली होती. तेवढ्यात त्या मोतिया माउंटवर लाल थेंब पडला. मला वाटलं वरून काही गळलं, म्हणून मी वर पाहिलं, तर ते माझ्या नाकातून येत होतं. मग ते थांबेचना. त्या गृहस्थांनी आधी फोटो उचलला आणि मग मला धरलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याकडे तेवढाच फोटो होता.

दवाखान्यात प्लेटलेटची पिशवी चढवली. लाल नसते, पिवळट असते. कुणाची होती कोण जाणे. आकडा चाळीसवर गेला, यांनी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, आणि चार दिवसांत तो परत चौदावर. दुसऱ्याच्या प्लेटलेट पाहुण्यासारख्या असतात, राहायला येत नाहीत.

तेव्हापासून दुकानात गेले नाही. खिडकीत बसते. पायांवर लाल बारीक ठिपके आलेत, टाचणीने टोचल्यासारखे, ते बघत बसते. काल होते त्यापेक्षा वाढले का, कमी झाले का. गोळी बंद आहे तरी प्लेटलेट चढत का नाहीत, ते कुणी सांगत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, वाट बघू. वाट बघणं खाताही येत नाही, पिताही येत नाही.

मला भीती वाटते, जाऊबाई. यांच्यासमोर म्हणता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

धाकटी

१७ मार्च

धाकटे,

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी म्हटलं होतं, कानामागून आली आणि तिखट झाली. त्या तिखट बाईने मला कधी असं काही लिहिलं नव्हतं.

मी यायला निघाले होते. भावजी म्हणाले, तुमचा खोकला गेलाय का? नाही गेला. म्हणजे तेही गेलं. तुझ्या घरात खोकणाऱ्याला प्रवेश नाही.

मलाही भीती वाटते. आज सांगायला दुसरं काही सुचत नाही.

थोरली

२ एप्रिल

जाऊबाईंना नमस्कार.

चोपन्न हजार! आधी एकवीस, मग तेहतीस, आणि काल चोपन्न. ठिपके पुसट झाले. कालच्या कागदावरचा आकडा यांनी दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

आता खरी गोष्ट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापासून गोळी चालू, कमी ताकदीची. पाकीट घेऊन आले. ड्रॉवरमध्ये ठेवलं. आणि माझा हातच त्याच्याकडे जाईना. तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण गेल्या वर्षीही एकदा असंच झालं होतं. आकडा पडला, गोळी थांबली, आकडा चढला, गोळी चालू केली आणि परत पडला. या वेळी नऊवर गेला. पुढच्या वेळी कुठे जाईल? घेतली तर रक्त वाहून जायचं, नाही घेतली तर आजार उठायचा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

हे म्हणतील, डॉक्टर सांगतील तसं. म्हणून यांना विचारलंच नाही. तुम्ही सांगा. हसू नका. आजवर तुम्ही सांगायचं, मी मान डोलवायची आणि आपल्याच मनाचं करायचं, पालथ्या घड्यावर पाणी. या खेपेला तुम्ही म्हणाल तसं करीन. तुमचं पत्र येईपर्यंत पाकीट उघडत नाही.

धाकटी

७ एप्रिल

धाकटे,

पत्र वाचून आधी खुर्चीत बसले. तू मला विचारतेस! मग नीट विचार केला. मला रक्तातलं काही कळत नाही, पाण्यातलं कळतं. तेवढंच सांगते.

टाकी कोरडी पडली आणि पंप परत चालू झाला, की तळाला हातभर पाणी आल्याबरोबर लोक ओरडायला लागतात, सोडा, सोडा. आणि सोडलं की काय होतं? जवळच्या घरांना गढूळ पाणी, लांबच्यांच्या नळाला नुसती हवा, आणि टाकी परत कोरडी. मी कुणाचं ऐकलं नाही. साहेबांचंसुद्धा नाही. टाकी भरल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावला नाही, आणि माझ्या ड्यूटीत कधी कुणाच्या नळाला हवा आली नाही. निरोप समारंभात साहेबांनीच हे सांगितलं, आणि मला म्हणाले, ऐकू आलं नाही तरी टाळ्या वाजवा.

तुझे चोपन्न हजार म्हणजे तळाला हातभर पाणी. टाकी भरू दे. निरोगी माणसाच्या दीड लाख म्हणालीस ना? तिथपर्यंत चढू देत, मग घे गोळी. अंगात साठा असला म्हणजे थोडं सांडलं तरी चालतं. डॉक्टरीणबाईंना घाई असेल, त्यांच्या दाराशी रांग आहे. तुझं रक्त तुझं आहे.

आणि मी सांगितलं तसं केलंस तर कळव. तो दिवस बघायचा राहिला होता.

थोरली

२९ एप्रिल

जाऊबाईंना साष्टांग नमस्कार.

बघा तो दिवस. ऐकलं तुमचं. पाकीट ड्रॉवरमध्ये तसंच आहे आणि आकडा एक लाख साठ हजार.

कुणालाच सांगितलं नाही. यांनाही नाही. डॉक्टरीणबाई समजतात मी कमी ताकदीची गोळी घेतेय. रिपोर्ट बघून खूश झाल्या. म्हणाल्या, बघा, सोसली की नाही? मला शरम वाटली, तरी मी मान डोलावली. किती दिवसांनी त्या माझ्याकडे बघून हसल्या होत्या.

आणि काल मी काच कापली. यांना कपाटाचं कुलूप उघडायला लावलं. पट्टी धरली, कटरने एक रेघ ओढली, तो बारीक करकर आवाज आला, काच टेबलाच्या कडेला घेतली आणि खालून टिचकी दिली. सरळ तुटली. हे बघत उभे होते. काचेचे तुकडे गोळा करून टाकायला बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

दात ब्रशने घासते. यांनी हात धरला तर काही उमटत नाही.

आता दीड लाख झाले. गोळी घेऊ का?

तुमची आज्ञाधारक धाकटी

६ मे

आज्ञाधारक म्हणे! हे पत्र मी जपून ठेवणार आहे.

धाकटे, तुझं पत्र खालच्या बाईला वाचून दाखवलं, पोस्टातल्या माणसाला सांगितलं, रक्तपेढीतल्या त्या मुलीलाही जाऊन सांगून आले. तिने वहीवर मोठं हसरं तोंड काढून दिलं. माझा खोकलासुद्धा पळाला. एवढं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

गोळीचं विचारतेस. टाकी भरली म्हणून तिथल्या तिथे सोडायची नसते. गाळ खाली बसू द्यावा लागतो. कुठे आत्ता अंगात जोर यायला लागलाय. महिनाभर थांब. काच काप, भाजी चिर, नवऱ्याचा हात धर. मग खुशाल चालू कर. भरल्या टाकीला कसली भीती?

थोरली

२ जून

धाकटे,

तुझं पत्र नाही. बरं वाटायला लागल्यावर जाऊबाईची आठवण कशाला येईल, गरज सरो आणि वैद्य मरो. रागावले नाही, थट्टा करते. पण आकडा कळव. महिना झाला, गोळी चालू केलीस का? भावजींना फोन केला तर ते 'सगळं ठीक, सगळं ठीक' एवढंच म्हणत होते. तेवढं मला ऐकू आलं. ते इतकं हळू बोलले, तरी ऐकू आलं.

थोरली

१० जून

जाऊबाईंना नमस्कार.

दुकानात काम फार होतं, म्हणून लिहायचं राहिलं. आकडा विचारलात. नऊ लाख. हो, नऊ. टाकी भरली.

इकडचं सगळं बरं आहे. तुमच्या छातीच्या गोळ्या वेळेवर घ्या.

धाकटी

१८ जून, सकाळ

नऊ लाख! अगं, दीड लाखाच्या जागी नऊ लाख! निरोग्याच्या सहापट! म्हणजे आता तूच दुसऱ्यांना पिशव्या भरभरून दे. इतकी मोठी बातमी आणि पत्र एवढंसं? कामाची माणसं झालात तुम्ही दोघं.

आज माझी छातीच्या डॉक्टरांकडे तपासणी आहे. तुझं पत्र पिशवीत घालून नेतेय. त्यांना दाखवते, म्हणावं, बघा, पंपघरातल्या बाईची अक्कल. येऊन पुढचं लिहिते.

संध्याकाळ

वरचं पान फाडून टाकणार होते. नाही फाडलं. माझी अक्कल तुझ्यापर्यंत पोचू दे.

डॉक्टरांना पत्र दाखवलं. ते हसले नाहीत. विचारलं, आजार कोणता? मी नाव सांगितलं. ते काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. परत बोलले, परत नाही. शेवटी त्यांनी माझ्याच औषधांच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं. माझ्यासमोर आहे, तसंच उतरवते. 'या आजारात प्लेटलेट इतक्या वाढणं चांगलं नाही. दाबलेला आजार परत उसळला की त्या अशा वाढतात. गोळी चालू आहे ना?'

धाकटे, गोळी चालू आहे ना?

मी दीड लाख म्हटलं होतं. दीड लाख झाले तेव्हा तू मला विचारलंस, घेऊ का. आणि मी म्हटलं, महिनाभर थांब. का म्हटलं मी? कुणी विचारलं म्हणून इतकी फुगले? आणि तुला माहीत होतं. दहा तारखेला मला लिहिताना तुला माहीत होतं आणि तू मला आनंद करू दिलास.

उलट टपाली लिही. शिव्या दे, पण लिही.

थोरली

२७ जून

जाऊबाई,

हो, माहीत होतं. मेच्या शेवटीच आकडा सहा लाखांवर गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी रोज घेताय ना? मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, मग या गोळीचा उपयोग संपला, औषध बदलावं लागेल. त्या लिहायला लागल्या तेव्हा मला राहवेना. म्हटलं, घेतलीच नाही, दोन महिने पाकीट ड्रॉवरमध्ये आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनाही तिथेच कळलं.

त्याच दिवशी गोळी चालू केली. आकडा नऊवर गेला. मोठी तपासणी केली. बिघडलेल्या पेशींनी रूप बदललंय म्हणे, जुनी गोळी आता त्यांना ओळखत नाही. मी विचारलं, बंद ठेवली म्हणून झालं का? म्हणाल्या, सांगता येत नाही. घेतली असती तरी झालं असतं कदाचित. कदाचित नसतं झालं. जाऊबाई, एवढंच आहे. मी तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, यापेक्षा जास्त कुणालाच माहीत नाही.

तुम्ही स्वतःला लावून घ्याल, म्हणून एक सांगते. मला गोळी घ्यायचीच नव्हती. घेऊ नकोस असं म्हणणारं कुणीतरी हवं होतं. तुम्ही काय म्हणाल ते मला विचारायच्या आधीच माहीत होतं. तुमच्या टाकीची गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. म्हणून तर यांना न विचारता तुम्हाला विचारलं. दीड लाखाला परत विचारलं तेही त्यासाठीच. काच कापायची होती मला. महिनाभर कापली. वाईट वाटतं, पण खोटं कशाला सांगू, तो महिना फार चांगला गेला.

आणि दहा तारखेचं पत्र. इथे जो तो मला बघून तोंड बारीक करतो. सगळ्या जगात एक तुम्हीच आनंदात होता. तो आनंद आणखी थोडे दिवस कुठेतरी असावा, असं वाटलं.

सोमवारपासून नवी गोळी. आणखी जालीम. ही प्लेटलेटवर जास्तच तुटून पडते, ते आधीच सांगून ठेवलंय.

धाकटी

५ जुलै

धाकटे,

माझ्यावर ढकलत नाहीस, हे तुझं मोठेपण. पण दोष माझ्याकडेच राहणार आहे. तुला हवं होतं म्हणून तू विचारलंस, मान्य. मी नाही म्हणू शकत होते. मला काही कळत नाही, असं म्हणू शकत होते. आयुष्यात ते वाक्य मी कधी म्हटलंच नाही.

आता म्हणते. मला काही कळत नाही. यापुढे तुला मी काही सांगणार नाही, चप्पल घाल एवढंसुद्धा नाही.

पण मी काय करू ते तू सांग. उठते, अंथरूण आवरते, परत त्याच्यावर बसते. खालची बाई विचारते, जावेचं कसं आहे? तिला काय सांगू? काहीतरी काम दे मला.

थोरली

२४ जुलै

जाऊबाईंना नमस्कार.

सांगणार नाही म्हणता, ते तुमच्याच्याने आठ दिवससुद्धा निभायचं नाही. आणि निभावूही नका. सगळेच गप्प झाले तर या घरात फक्त घड्याळ बोलेल.

नवी गोळी चालू आहे. नऊ लाखांचे चार झाले, चारचे सत्तर हजार, आणि या आठवड्यात एकतीस. हिरड्या परत सुरू झाल्यात. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, उत्तम, गोळी लागू पडतेय, वाढ मोडली. लगेच पुढच्या वाक्यात म्हणाल्या, आणखी खाली गेलं तर मात्र थांबवावी लागेल. मी विचारलं, थांबवली तर? म्हणाल्या, या वेळी आजार थांबून वाट बघणार नाही. मी म्हटलं, आणि नाही थांबवली तर? म्हणाल्या, तर नऊ हजारांना काय झालं होतं ते तुम्हाला आठवतंय. हिच्या पुढची गोळी आहे का, हेही विचारलं. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. 'बघू' म्हणाल्या.

तेव्हा यांनी तोंड उघडलं. म्हणाले, बाई, मग आम्ही आशा कसली धरायची तेवढं सांगा. आकडा वर जाण्याची की खाली जाण्याची? त्या बिचाऱ्या चांगल्या आहेत, त्यांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

घरी आल्यावर यावरून आम्ही भांडलो. खरंच भांडलो, भांडी आपटून. हे म्हणतात, वर जायला हवा, तुझं रक्त वाहिलेलं मी परत बघू शकत नाही. मी म्हणते, वर गेला तर तो आजारच नाही कशावरून, थोडा खाली राहू दे. हे म्हणाले, तुला मरायचंय का? मी म्हटलं, तुम्हालाच मला मारायचंय. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांना असलं काही बोललो नव्हतो. मग मला हसू आलं, आणि त्यांना नाही आलं.

काम मागितलंत. आहे एक. आता दर आठवड्याला तपासणीला रक्त द्यायचंय. हे देवाजवळ एक मागतात, मी दुसरंच मागते, म्हणजे दोघांचंही फुकट जाणार. तुम्ही ठरवा, वर की खाली, आणि जे ठरवाल तेच मनापासून मागत राहा. मला विचारू नका. आणि काय मागितलंत, ते मला कळवूही नका.

तुमची धाकटी